मधे किती वेळ?

परदेशी निघालेल्या माणसाला आपण काय विचारतो? कुठं चाललात, कुणाकडं, किती दिवस. आमचे घरमालक यातलं काहीसुद्धा विचारायचे नाहीत. बातमी कानावर पडली की चष्मा कपाळावर सारायचे आणि त्यांचा एकच सवाल असायचा, "मधे किती वेळ?"

मधे म्हणजे पहिल्या विमानातून उतरल्यापासून दुसऱ्या विमानात बसेपर्यंत. समोरच्याला हे चटकन कळायचं नाही. एका लग्नात नवरदेव अमेरिकेतला होता. पाहुणेमंडळी त्याचा पगार काढून घ्यायच्या खटपटीत, आणि आमचे मालक आहेराचं पाकीट त्याच्या हातात देऊन, तोच हात घट्ट धरून, पोरीला नेताना मधे किती वेळ ठेवलाय म्हणून विचारत होते. नवरदेव बिचारा भलतंच काही समजून लाल झाला. पण मालकांनी सोडलं नाही. दीड तास ठेवलाय हे त्याच्या तोंडून वदवून घेतलं आणि तिथंच, मागं लोकांची रांग खोळंबलेली असताना, नव्या नवरीला सांगितलं की बाई, माणूस चांगला आहे, पण तिकिटाच्या बाबतीत याचं ऐकू नको.

एक गोष्ट आताच सांगून टाकतो, मागाहून घोटाळा नको. हे गृहस्थ स्वतः जन्मात कधी विमानात बसलेले नव्हते. हे सगळ्या परभणीला माहीत होतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. आपल्याकडं सोयरिकी जुळवणारे तरी स्वतःच्या घरी कुठं सुखात असतात?

वसमत रोडच्या अंगाला त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते दोघं नवरा-बायको, वर मी भाड्यानं. मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचो, म्हणून ते मला सर म्हणत. ते स्वतः विद्यापीठाच्या कचेरीतून निवृत्त झालेले. अंगानं काटकुळे, बारा महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि चालताना दोन्ही हात पाठीमागं. भाडेकरूशी मालक कसा वागतो त्याचे माझे अनुभव काही बरे नव्हते, पण या माणसानं मला कधी नळाच्या पाण्यावरून बोल लावला नाही. फक्त मी जिन्यावरून धडधडत उतरलो की खालून आवाज यायचा, "सर, निगायला उशीर केलाव."

दोन कामं एकमेकाला चिकटवायची नाहीत, हा त्यांचा नेम. आंघोळ झाली की लगेच पूजा नाही. मधे ओल्या अंगानं पाटावर बसून राहायचे. चहासुद्धा अर्धा प्यायचे, थांबायचे, मग उरलेला. एका दिवशी दोन लग्नं आली तर दुसऱ्याला दुसऱ्या दिवशी जायचे, मांडव सोडत असताना. बोलतानाही तसंच. दोन वाक्यांच्या मधे इतकी फट असायची की नवखा माणूस नमस्कार करून निघून जायचा. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, मोठ्या फटकळ. त्या म्हणायच्या, लग्न झाल्यावर चौथ्या दिवशी हे माझ्याशी पहिला शब्द बोलले, कारण विचारलं तर म्हणतात मधे जरा वेळ असावा.

त्यांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी कुणी ना कुणी असायचंच. परभणीची पोरं आता कुठं नाहीत? जिंतूरचा पोरगा टोरांटोत, पाथरीची पोरगी सिडनीत. तिकडं बाळंतपण निघालं की इकडच्या आयांना बोलावणं येतं, आणि ज्या बाईनं आयुष्यात मानवतच्या पुढं एकटीनं प्रवास केला नाही ती हातात पासपोर्ट घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसते. इथून रेल्वेनं हैदराबाद गाठायचं, तिथून पहिलं विमान, मग कुठल्या तरी परक्या मुलखात उतरून दुसरं. तिकीट पोरांनी काढून मोबाइलवर पाठवलेलं. मालक तो मोबाइल लांब धरून वाचायचे आणि पुष्कळदा एका शब्दात निकाल द्यायचे, "बदला."

तिकडं पोरं चिडायची. कंपनी स्वतः म्हणतेय की एवढा वेळ पुरतो, मग तुमच्या गल्लीतला माणूस कोण? यावर मालकांचं उत्तर ठरलेलं होतं. तिकिटावरचा वेळ तरण्या माणसाचा असतो. त्यात गुडघा धरलेला नसतो, लघवीला जाणं धरलेलं नसतं, पाटी वाचून परत एकदा वाचणं धरलेलं नसतं, आणि घाबरून एका जागी उभं राहणं तर नसतंच नसतं. हे सगळं ते बोटांवर मोजून दाखवायचे. इमारत तीच की दुसरी, झडती पुन्हा द्यायची का, पेटी आपोआप पुढं जाते का आपण उचलायची, हेही खोदून विचारायचे. शेवटी म्हणायचे, "मधला वेळ आपला असतो. बाकीचा समदा कंपनीचा." म्हाताऱ्या माणसांना हे वाक्य फार आवडायचं. त्यांच्या आयुष्यात आपला म्हणावा असा वेळ तसा कमीच आलेला असायचा.

तिकीट पास झालं की तालीम. ती आधी घरात व्हायची. काकूंची कणीक मळायची परात मधोमध स्टुलावर ठेवायची, आणि प्रवाशानं मोबाइल, चिल्लर, पट्टा, चपला सगळं त्या परातीत काढून पलीकडच्या दारातून जायचं. परातीत चपला बघून काकूंच्या तोंडाचा जो पट्टा सुटायचा तो वरच्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या चांदीच्या करदोड्यावर गाडं अडलं. झडतीत तो वाजणार, आणि म्हातारा म्हणे, जिवात जीव आहे तोवर कमरेचा करदोडा निघणार नाही. मालकांनी नेहमीसारखं थांबून विचार केला आणि निकाल दिला: आधी रेशमी दोऱ्याचा बांधायचा, मगच चांदीचा सोडायचा, म्हणजे कंबर मोकळी राहत नाही. म्हातारा इतका खूश झाला की त्यानं दुसऱ्या दिवशी पोतंभर ओल्या हरभऱ्याचा ढाळा आणून टाकला.

दुसरी तालीम परभणी स्टेशनात. सगळं सामान घेऊन, एका फलाटावरून पुलाचा जिना चढून दुसऱ्या फलाटावर. मालक बाकड्यावर बसून बघायचे. मधूनच कुणाला तरी पाठवून प्रवाशाला अडवायचे, तुमचा फलाट बदललाय म्हणून सांगायचे, आणि बाई गोंधळते का ते पाहायचे. चहावाल्याला आणि हमालांना हे ठाऊक झालं होतं. एखादी साडीतली बाई पेटी ओढत उगाच इकडून तिकडं जायला लागली की हमाल तिला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, ही परीक्षेची हाय.

माझ्या आईची परीक्षा झाली तेव्हा मात्र मला घाम फुटला होता. माझी धाकटी बहीण मेलबर्नला. पहिलंच बाळंतपण आणि डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. तिची सासू आजारी, म्हणून आईनं एकटीनं जायचं ठरलं. आई राणीसावरगावची. वडील गेल्यापासून शेत आणि घर एकटीनं बघणारी, बोलण्यात कुणाला न हरणारी, पण तिची धाव जास्तीत जास्त हैदराबादच्या दवाखान्यापर्यंत. बहिणीनं तिकीट काढलं त्यात सिंगापूरला मधे तासाभराहून थोडा जास्त वेळ होता. मालक म्हणाले, बदला. बहीण फोनवर तडकली, तुझा घरमालक माझा कोण लागतो? जावईबापूंनी शांतपणे समजावलं की इमारत एकच आहे, दार जवळ आहे, ॲपमध्ये बघितलंय. मी तेच मालकांना सांगितलं.

त्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "सर, तुमच्या आईला गुडघा हाय का न्हाई?"

मी म्हटलं, आहे.

"मंग त्या ॲपला इचारा, तुला हाय का."

तिकीट बदललं. चांगले चार-पाच तास मिळाले. आईनं परातीत चपला काढल्या, पुलाचा जिना चढून उतरून दाखवला, आणि एवढ्यासाठी मला गावाहून बोलावलं का म्हणून मलाच झापलं. मालकांनी तिला शेवटची शिकवण दिली ती अशी: दुसऱ्या विमानाच्या दाराशी गेलं की आधी जागा धरायची. उठायचं झालं तर खुर्चीवर पिशवी टाकून उठायचं. आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो तसं. जागा गेली तर उभ्या उभ्या गुडघा सुजेल.

आईनं ते अक्षरशः पाळलं. सिंगापूरला दारासमोर खुर्चीवर पिशवी ठेवली आणि हात-तोंड धुवायला गेली. परत येऊन बघते तर तिच्या खुर्चीभोवतीची माणसं लांब सरकलेली आणि दोन पोलीस आणि एक पोलीसबाई त्या पिशवीकडं टक लावून उभे. बेवारस सामान म्हणजे तिकडं किती मोठी भानगड असते ते आईला कुठलं माहीत? तिला वाटलं, पिशवी राखायला उभी केलीत माणसं. काय सोय आहे बघा. ती सरळ मधे घुसली, पिशवी काखेत मारली आणि त्यांना हात जोडले. त्यांनी पिशवी उघडायला लावली. आत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पोलीसबाई बरंच काही समजावून बोलली, आईनं बरंच काही मान हलवून ऐकलं, आणि एक दशमी तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही, पण हसली म्हणे.

हा सगळा किस्सा आईनं चार-सहा महिन्यांनी परत आल्यावर आमच्या ओट्यावर बसून सांगितला. नातू झाला होता, बहीण सुखरूप होती, आईची कळी खुललेली. गल्लीतली माणसं हसून हसून आडवी झाली. मालक तेवढे हसले नाहीत. त्यांचं तोंड उतरलं. ते अगदी मनापासून म्हणाले, पिशवी ठेवायची नाही तर मग उठायचं कसं?

"उटायचं, दादा," आई म्हणाली. "खुर्च्या लय हायेत तितं. कुणीबी जागा धरत न्हाई. तुमी गेल्याबिगर तुमाला कसं कळावं? तुमी कवा जायलाव लेकीकडं?"

काकू उठल्या आणि आत निघून गेल्या.

आईला बिचारीला काय माहीत. हा प्रश्न त्या घरात कुणी विचारत नव्हतं. मालकांची एकुलती एक लेक आयर्लंडला, डब्लिनला होती. हैदराबादहून तिकडं जाणारं सरळ विमान नाही. मधे कुठंतरी बदलल्यावाचून गत नाही. लेक दर उन्हाळ्यात तिकिटं शोधून पाठवायची आणि मालक दर उन्हाळ्यात त्यात खोट काढायचे. दोन तास म्हणजे फार कमी. तीन तास ठीक, पण इमारत बदलायची आहे. पाच तास चांगले, पण उतरायचं भल्या पहाटे, तेव्हा विचारायला माणूस कुठला? आठ तास म्हणजे माणूस थकून झोपणार आणि झोपेत विमान जाणार. लेक आधी रडायची, मग भांडायची. अलीकडं नुसतं बरं म्हणून फोन ठेवायची, आणि ते बरं म्हणणं काकूंना सगळ्यांत जास्त लागायचं. नात चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली, आणि आजी-आजोबा म्हणजे मोबाइलमधली दोन माणसं असतात असं तिला वाटायला लागलं. काकू दर वर्षी तिच्यासाठी खणाचं परकर-पोलकं शिवायच्या, अंदाजानं माप वाढवून. मागच्या वर्षीचं न नेसताच लहान झालेलं असायचं. अशा चार-पाच घड्या त्यांच्या कपाटात होत्या.

मला रागच यायचा. जगाच्या म्हाताऱ्यांना विमानात बसवतो हा माणूस, आणि स्वतःच्या बायकोला नातीपासून तोडून घरात बसलाय. मी एकदा काकूंजवळ तसं बोललोसुद्धा. त्या तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं त्याही माझ्या सुरात सूर मिळवतील. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि मनमाडची गोष्ट सांगितली.

मालक तेव्हा विशीत, नव्या नोकरीच्या ट्रेनिंगला नाशिककडं होते. गावाहून निरोप गेला की वडिलांचं काही खरं नाही, असाल तसे निघा. मनमाडला गाडी बदलायची होती. मधे वेळ थोडाच, आणि पहिली गाडी वाटेत रखडली. मनमाडला उतरून हे धावले. परभणीकडची गाडी हलली होती. शेवटच्या डब्याचा दांडा हाताला लागला आणि सुटला. त्या काळी या बाजूला गाड्याच कमी. दुसरी मिळून गाव गाठेपर्यंत दुसरा दिवस उलटायला आला. उन्हाळा होता. घरात थोरले हेच. गावानं पुष्कळ वाट पाहिली, पण किती पाहणार? शेवटी धाकट्या भावाच्या हातानं अग्नी दिला. हे गावात शिरले तेव्हा माणसं नदीवरून परत येत होती. वाटेत समोरासमोर गाठ पडली. सगळ्यांनी बाजूला होऊन यांना वाट करून दिली.

"आमच्या लग्नाआधीचं हे," काकू म्हणाल्या. "मला बी एकदाच सांगितलंय. जगाला सांगत्यात मधे वेळ ठिवा. पर सर, गाडी सुटायचं भ्या काय वेळ ठिवल्यानं जातंय?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांच्याबरोबर तांदूळ निवडत बसलो.

तर आईनं ओट्यावर प्रश्न विचारला आणि काकू आत गेल्या, तिथं होतो आपण. आई गावी परतायच्या आधी काकू वर माझ्या खोलीत आल्या. आईला म्हणाल्या, मला शिकवा, मी एकटी जाते. यांच्या मनात येईस्तोवर नातीचं लग्न होईल. आईला असलं काम म्हणजे पर्वणीच. तिनं दुसऱ्याच दिवशी स्टेशनवर तालीम ठेवली. मालकांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते आले, आणि त्यांच्या नेहमीच्या बाकड्यावर तोंड दुसरीकडं करून बसले. काकूंनी एका हातात पेटी आणि एका हातात पिशवी घेतली आणि पुलाचा जिना चढायला लागल्या. काकूंना दम्याचा त्रास. अर्ध्या जिन्यावर त्या कठड्याला धरून थांबल्या. आई खालून सूचना देत होती. मी पुढं व्हायला निघालो, तेवढ्यात मालक उठले, दोन्ही हात पाठीमागं घेऊन जिना चढले, आणि काकूंच्या हातातली पेटी काढून घेतली.

"पेटी डाव्या हाताला घेत्यात," ते रागानं म्हणाले. "उजवा हात कटड्याला मोकळा ठिवायचा."

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला स्वतः फोन लावला आणि दोन तिकिटं काढायला सांगितली. लेकीला आधी खरंच वाटेना. मग तिनं घाईघाईनं, यांचं मन फिरायच्या आत, दुबईवरून जाणारी तिकिटं काढली. मधे सहा-सात तास. मालकांना एकही खोट सापडली नाही. त्यांनी तसा प्रयत्न केला, मी समोर होतो.

निघायच्या दिवशी अर्धी गल्ली स्टेशनवर. करदोडेवाला म्हातारासुद्धा गावाहून आला होता. मालकांचा चेहरा पांढरा पडला होता, पण गाडी हलली तेव्हा त्यांनी दारातून हात हलवला.

दुबईहून पहिला फोन आला तेव्हा आवाज एकदम मोकळा. सर, लय सोय हाय, ते सांगत होते. जागोजागी पाट्या, प्यायला पाणी, सपाट पट्टे आपोआप सरकतात, गुडघ्याला कामच नाही. दार सापडलं होतं, काकू समोर बसल्या होत्या, वेळ भरपूर होता. आता जरा फिरून सगळं नीट बघून येतो, म्हणाले, परभणीच्या लोकांना सांगायला बरं. मला बरं वाटलं. मी जेवलो आणि पेपर तपासायला बसलो.

पुढचं त्यांनी मला मागाहून सांगितलं. फिरताना त्यांना निजामाबादकडचं एक म्हातारं जोडपं भेटलं, भेदरून भिंतीला टेकून उभं असलेलं. मालक त्यांच्याजवळ गेले आणि आपल्या दखनी हिंदीत विचारलं, बीच में कितना टाइम है जी? वेळ थोडाच होता, आणि त्यांचं विमान तिकडच्या दुसऱ्या इमारतीतून. तिकडं जायला आतल्या आत एक रेल्वे आहे. मालकांनी म्हातारीची पिशवी डाव्या हाताला घेतली, दोघांना त्या रेल्वेत बसवलं, दारापर्यंत नेलं. तिथं सोडून परतले असते तरी चाललं असतं. पण आपल्याकडं पोचवायला गेलेला माणूस गाडी हलल्याशिवाय निघत नाही. हे तिथं उभेच. त्यांची रांग लागली, म्हातारा-म्हातारी आत गेली, दार बंद झालं, तेव्हा हे हात हलवून माघारी फिरले. येताना उलट्या बाजूला गेले. त्याची फारशी काळजीही वाटली नाही. आपली वेळ झाली की परभणीला पुकारतात तसं पुकारतीलच. तिथं तसं कुणी पुकारत नाही. ते आपल्या दाराशी आले तेव्हा सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

काकूसुद्धा नव्हत्या. त्यांनी दोन्हीकडं बघितलं, रांग संपेपर्यंत वाट बघितली, आणि शेवटी चढल्या. दोघं मागं राहून काय करायचं होतं, असं त्यांनी मला नंतर सरळ सांगितलं. एक तरी पोचायला पाहिजे ना.

"सर," फोनवर मालकांचा आवाज आला. "चुकलं."

परभणीत बसून मी काय करणार होतो? मी त्यांना एवढंच म्हणालो की तुम्ही चुकला आहात असं समजू नका, कंपनीची खिडकी शोधा आणि हिंदीत सांगा, तिथं अर्ध्या लोकांना हिंदी येते. फोन बंद झाला. मी लेकीला कळवलं. ती आधी घाबरली, मग तिनं वडिलांना गाठलं आणि तीही तेच म्हणाली. मालकांनी तिला बजावलं की आईला घेऊन सरळ घरी जा, पोरीची शाळा असेल, तुझी नोकरी आहे, माझ्या नादाला लागू नका. मी आलोच तर गाडी करून पत्त्यावर येईन. आलोच तर, असं म्हणाले.

नंतर त्यांचा मला एक छोटा फोन आला. खिडकीवरच्या बाईनं आधी रागानं बघितलं, मग मशीनवर काहीतरी बडवलं आणि नवीन कागद हातात दिला. पुढच्या विमानात जागा होती. त्यांना याचं इतकं नवल वाटलं होतं की ते पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. तिनं काही विचारलंसुद्धा नाही, सर. म्हणाली, पुढचं आहे. पुढचं असतं, सर.

मग बराच काळ काही नाही. डब्लिनहून फोन आला तेव्हा मी कॉलेजातून येऊन चपला काढत होतो. त्यांनी हॅलो म्हटलं आणि नेहमीप्रमाणे थांबले. मागं कुणीतरी लहान पोर खिदळत होतं आणि काकू त्याला दमात घेत होत्या. मी म्हटलं, पोचलात ना घरी?

"न्हाई, इमानतळावरच हाय," ते म्हणाले. "मी मान खाली घालून भाईर आलो, सर. म्हनलं आता पत्ता दाखवून गाडी करावी. बगतो तर तिघीबी तितंच. हिचं इमान कवाचं येऊन गेलंय. घरी गेल्याच न्हाईत. मी लेकीला इचारलं, कामून थांबलाव गं? तर म्हंती, तुमी यायचे होताव ना, बाबा."